लाभ, दोन, तीन

आमच्या घरात 'एक' नव्हता.

म्हणजे शेळी एक होती, कंदील एक होता आणि लेकरू म्हणून मीही एकच होते. पण मोजायला बसलं की एक नाही. माझे वडील आखाडा बाळापूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी होते. शेतकऱ्यांचा माल आडतीवर आला की तो मापून द्यायचा, हे त्यांचं काम. आणि मापाडी पहिल्या मापाला कधी एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. धान्याची सुरुवात एकट्या आकड्यानं होऊ नये, बरकतीनं व्हावी, असं काहीतरी त्यामागं असावं. अप्पांना, म्हणजे वडिलांना, मी कितीदा तरी विचारलं. ते म्हणायचे, "म्हणत्यात, म्हणून म्हणायचं."

मोंढ्यात तेव्हा काटा आलेला होता. पण काट्यावरही पहिलं वजन लाभच. गावातल्या घरगुती ज्वारीला तर अजून पायलीच लागायची. अप्पांची पायली लोखंडी होती आणि तिची कड वर्षानुवर्षं हात फिरून गुळगुळीत झाली होती. माप भरताना आकडा विसरू नये म्हणून ते तोच आकडा तोंडात घोळवत राहायचे. लाभ, लाभ, लाभ, लाभ. पायली पोत्यात रिकामी झाली की दोन, दोन, दोन. मधे कुणी काहीही विचारलं तरी उत्तर मिळायचं नाही. मापताना दुसरा शब्द तोंडातून गेला की मोजणी गेली, असा नियम. एकदा एक पाहुणा तावातावानं काही विचारायला आला, तर अप्पा त्याच्याकडे बघून "एकोणीस, एकोणीस, एकोणीस" म्हणत राहिले, फक्त जरा मोठ्यानं. पाहुणा चिडून परत गेला. माय त्या दिवशी पोट धरून हसली होती.

शाळेत जायला लागण्याआधी दुपारची मी मोंढ्यातच असायची. माय रोजानं हळद निवडायला यायची आणि मला पोत्यांच्या थप्पीवर टाकून द्यायची. हळदीच्या दिवसांत तिथली हवासुद्धा पिवळी असायची. पत्र्याच्या फटीतून ऊन यायचं, त्यात पिवळी धूळ सावकाश वर-खाली होत राहायची, आणि कुठून तरी अप्पांचा आवाज यायचा. बारा, बारा, बारा. तेरा, तेरा. मला झोप कधी लागायची ते कळायचं नाही, पण आकडे झोपेतही चालू असायचे. लोकांच्या स्वप्नात काय काय येतं. माझ्या स्वप्नात आकडे यायचे, आणि ते सगळे अप्पांच्या आवाजात बोलायचे. अजूनही एखादं गणित सुटत नसेल तर मी डोळे मिटून ती पिवळी धूळ बघते.

पहिलीत बाईंनी मणी मोजायला उभं केलं. मी खणखणीत आवाजात सुरू केलं, "लाभ, दोन, तीन..." सगळा वर्ग खिदळला.

"लाभ काय गं? दुकान टाकलंयस काय?" बाई म्हणाल्या.

"एक म्हणलं की बरकत जाती," मी म्हणाले.

बाई हसल्या, पण पाटीवर एक ते शंभर लिहून आण म्हणाल्या. मी घरी बसून दोन ते शंभर सुरेख लिहिलं आणि एकाच्या जागी मोकळी जागा सोडली. बाईंनी तिथं बोट ठेवून विचारलं, इथं काय? मी म्हणाले, हाय तिथं, दिसत न्हाई. अशी मी. हट्टी तेव्हाही होते, आता वय झालंय म्हणून लोक त्याला ठामपणा म्हणतात. त्या बाईंनी मात्र मला मारलं नाही. माझ्या आयुष्यात गणिताचं भलं त्यांनीच पहिल्यांदा केलं.

पुढं गणित आवडायला लागलं ते लागलंच. कळमनुरीच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला गेले. बाळापूरहून सकाळची एसटी, पाससाठी रांग, डब्यात भाकरी आणि ठेचा. कॉलेजात गणिताचे एक सर होते. खडू इतका बारीक होईपर्यंत लिहायचे की शेवटी नख फळ्यावर घासायचं. त्यांनी कुठून तरी कॉम्प्युटरचं एक जुनं पुस्तक मिळवलं होतं आणि ते मला वाचायला दिलं. तोवर मी कॉम्प्युटर पाहिला नव्हता.

पाहिला तो तालुक्याच्या बाजारात, एका कापड दुकानाच्या वरच्या खोलीत. तिथं क्लास निघाला होता. चपला जिन्यातच काढायच्या. आत तीन कॉम्प्युटर, तिन्हींवरही झालर लावलेले कापडी अभ्रे. क्लासचा मालक ते अभ्रे अशा हातानं काढायचा की आपणही श्वास रोखून धरावा. एकीला पंधरा मिनिटं मिळायची, त्यातली सात वीज नसायची. म्हणून मी प्रोग्राम वहीत लिहायला लागले आणि ते डोक्यात चालवायला लागले. एसटीच्या खिडकीशी बसायचं, डोळे अर्धे मिटायचे, आणि आपणच कॉम्प्युटर व्हायचं. बाहेर बाभळी मागं पळायच्या. प्रत्येक बाभळीला आतला आकडा एकानं वाढवायचा. कयाधूचा पूल आला की थांबायचं आणि उत्तर बघायचं. माझा थांबा आला तरी मी उठेना, तेव्हा कंडक्टरनं दोन-तीनदा हाका मारून मला उतरवलंय. "पोरगी झोपली का जागी हाय, काय कळंना," असं तो ड्रायव्हरला म्हणायचा.

मला स्वतःलाही ते कळत नव्हतं. बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं मी तशीच अर्धी झोपेत, अर्धी आकड्यांत काढली आणि फार सुखात काढली, हे सांगायला लाज कशाची?

शेवटच्या वर्षी सरांनीच दोन विद्यापीठांचे फॉर्म आणून दिले. "भरायला काय जातंय?" म्हणाले. एक नांदेडचं, निव्वळ गणितासाठी. दुसरं पुण्याचं, तिथं गणिताच्या जोडीला कॉम्प्युटर सायन्स होतं. आमच्या घरात त्यांना कुणी कधी विद्यापीठ म्हटलं नाही. जवळचं आणि लांबचं, एवढीच त्यांची नावं. माय शेजारणीला सांगायची, "जवळच्याचं पत्र आलं, लांबच्याचं यायचंय." नव्या माणसाला वाटायचं, स्थळं बघून राहिलेत.

लांबच्याचं पत्र उशिरा आलं, कारण पत्ता लिहिताना मी सवयीनं 'जिल्हा परभणी' लिहिलं होतं. हिंगोली जिल्हा झाला होता, पण हात अजून वळला नव्हता. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा त्यावर इतके शिक्के होते की तेच खूप हिंडून आल्यासारखं वाटत होतं. मी ते लगेच उघडलं नाही. आधी ओसरीत नुसतंच मांडीवर ठेवलं आणि कितीतरी वेळ बसून राहिले.

दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. आणि दोन्हीकडे कागदपत्रं द्यायची शेवटची तारीख जवळपास तीच होती. कागदपत्रं मूळ पाहिजेत, झेरॉक्स चालणार नाही. मूळ एकेकच असतं. म्हणजे ती प्लास्टिकची फाइल कुठल्या तरी एकाच खिडकीत द्यायची आणि दुसरी खिडकी कायमची सोडायची.

त्या आठवड्यात मी दोन्ही ठिकाणी राहून आले. म्हणजे घरातच, दुपारी, गच्चीच्या जिन्यावर बसून. जवळच्या विद्यापीठात मी हिरव्या फळ्यासमोर बसायची. कुणीतरी म्हातारे सर एकच सिद्धता आठवडाभर करायचे, कुणाला घाई नसायची, आणि शनिवारी मी एसटीनं घरी यायची. लांबच्या विद्यापीठात थंडगार खोली असायची. अभ्रे नसलेले कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले असायचे आणि माझ्या वहीतल्या ओळी तिथं खरोखर चालायच्या. मी चालू म्हटलं की आकडे धावायला लागायचे, मला बाभळी मोजाव्या लागायच्या नाहीत. दोन्ही इमारती मी मनानंच बांधल्या होत्या आणि मला माहीत असलेल्या मोठ्या इमारती दोनच होत्या. त्यामुळं माझं जवळचं विद्यापीठ तालुक्याच्या कोर्टासारखं दिसायचं आणि लांबच्याला कापसाच्या जिनिंगसारखं पत्र्याचं छत होतं. पुण्याला गेल्यावर पत्रा कुठंच दिसेना तेव्हा मी मनातल्या मनात थोडी नाराज झाले होते.

मायचं ठरलेलं होतं. "जवळचं घेतलं तर शनिवारी तोंड दिसल. पुण्याहून कोण येतंय? अन् गणित गणितच असतंय, तिथलं काय गोड हाय?" असं म्हणून ती भाकरी इतक्या जोरात थापायची की परातीतलं पीठ उडायचं. मी एकुलती एक होते, तिचं काय चुकलं?

सरांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गणित समजून घ्यायचं तर जवळ जा. गणित चालताना बघायचं तर लांब जा." मग खडूचे हात झटकून म्हणाले, "मला विचारू नकोस बाई. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही."

मला काय हवं होतं? मला दोन्ही सारखंच, असं मी सगळ्यांना सांगत होते. आणि अप्पांना म्हणाले, "तुमी सांगाल तसं." हे म्हणणं फार सोयीचं असतं. आपण चांगली लेक ठरतो आणि पुढं काही बिनसलं तर आपल्यावर काही येत नाही.

अप्पांना वाचता यायचं, पण हळूहळू. म्हणून मी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. वर 'जवळचं', खाली 'लांबचं'. त्यांनी कागद मांडीवर पसरला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"लाभ," ते म्हणाले. "जवळचं."

बोट खाली आलं.

"दोन. लांबचं."

मग त्यांनी कागदाची घडी केली आणि ती टोपीत ठेवली. माय चुलीपाशी कान देऊन होती. अप्पांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आम्हा दोघींसमोर त्यांना काही बोलता येईना, हे मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, "तू नांदेडला जा. तिथून बाराला फोन कर. मी सांगतो."

नांदेडला जाणं भागच होतं. पदवीचं तात्पुरतं प्रमाणपत्र तिथून घ्यायचं होतं. माझा मामा, मायचा भाऊ, नांदेडलाच राहायचा. ठरलं असं की मी प्रमाणपत्र घेऊन मामाला बसस्टँडवर भेटायचं आणि अप्पांना फोन लावायचा. ते जवळचं म्हणाले तर रिक्षानं विद्यापीठात जायचं आणि त्याच दुपारी फाइल द्यायची. लांबचं म्हणाले तर मामानं मला घेऊन पुण्याची गाडी पकडायची. मायनं पिशवी भरताना दोन लुगड्यांची गोधडी वर ठेवली आणि म्हणाली, "होस्टेलात लागल. शनिवारी येताना धुवायला आण." तिच्या मनात जवळचंच पक्कं झालं होतं.

बाळापूरहून नांदेडपर्यंतचा तो रस्ता मला पाठ होता. तरी त्या सकाळी तो मी नव्यानंच पाहिला. वारंगा फाट्यावर गाडी थांबली, लोक खिचडी खायला उतरले, आणि मी खिडकीशी फाइल छातीशी धरून बसून राहिले. बाभळी मोजल्या नाहीत. मोजायला काही सुरूच झालं नाही.

बाराला पाच मिनिटं असताना मी बसस्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. काचेची अरुंद केबिन, आत पंखा नाही, वर लाल आकड्यांचा मीटर. मामा बाहेर पिशवी घेऊन उभा राहिला. मोंढ्याच्या कोपऱ्यावर एका चाचांचं बूथ होतं, तिथला नंबर मी लावला.

"हां बेटी, ठैरो. तेरे अब्बा यहींच बैठे हैं, सुबह से," चाचा म्हणाले.

सकाळपासून! मापाडी माणूस, मोंढ्याच्या ऐन वेळेला काम सोडून बूथच्या बाकड्यावर बसला होता. 

"हां," अप्पा म्हणाले. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती. ते मोंढ्यातल्यासारखंच मोठ्यानं बोलायचे.

"मी हाय, अप्पा."

"खाल्लं का?"

"व्हय."

"कागद मिळाला का?"

"व्हय."

 त्यांच्या मागं कुणीतरी दुसरा मापाडी मोजत होता. अकरा, अकरा, अकरा. लाल आकडे पुढं सरकत होते. अप्पांनी घसा साफ केला आणि एकच शब्द म्हणाले. 

"कळलं का?"

"कळलं, अप्पा."

मी फोन ठेवला आणि केबिनचं दार ढकललं. बाहेरचं ऊन एकदम डोळ्यांवर आलं.

"काय म्हणले भाऊजी?" मामानं विचारलं.

"लांब," मी म्हणाले.

मामानं पिशवी खाली ठेवली. "बराबर ऐकलं का? अक्काला चालल का हे? पुन्ना लाव फोन."

"बराबर ऐकलं, मामा."

दुसऱ्या दिवशी मी पुण्यातल्या एका खिडकीत फाइल दिली. पलीकडच्या बाईंनी पावतीवर शिक्का मारला आणि ती माझ्याकडे सरकवली. झालं. एवढ्या स्वप्नांचा शेवट इतक्या लहान कागदावर होईल असं मला वाटलं नव्हतं.

पुण्यातले पहिले महिने मी पाण्याखाली असल्यासारखी राहिले. भाषा तीच, पण सगळं लांबून ऐकू यायचं. मी 'काहून' म्हटलं की मुली हसायच्या, म्हणून मी 'का' म्हणायला शिकले. पण कॉम्प्युटरच्या खोलीत शिरलं की माझं मला सापडायचं. खोली खरोखर थंड होती. माझ्या वहीतल्या ओळी खरोखर चालायच्या. पहिल्यांदा चालल्या तेव्हा मी पडद्याकडे बघत राहिले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, एरर नाहीये, बरोबर आलंय." तिला वाटलं, मी चुकलं म्हणून रडतेय.

एका तासाला सर म्हणाले, इथं यादी मोजताना पहिल्याला एक म्हणायचं नाही, शून्य म्हणायचं. वर्गात कुजबुज झाली. असं कसं, पहिला तो पहिलाच ना! मी एकटी शांत बसले होते. पहिल्याला एक म्हणायचं नाही, हे मला नवं नव्हतं.

दिवाळीला घरी गेले. अप्पा स्टँडवर आले होते. पिशवी हातात घेतली, चार पावलं चालले आणि म्हणाले, "लांब हाय का लई?"

"हाय, अप्पा."

"हां," म्हणाले आणि पुढं चालू लागले. मला वाटलं आता विचारतील. विचारलं नाही.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. मी गेल्यापासून माय अप्पांशी बोलत नव्हती. वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायचं असलं तर शेळीशी बोलायची. "ह्या माणसानं लेकरू लांब धाडलं गं, आता ह्येला म्हणावं तूच दळण आण." अप्पा ऐकून घ्यायचे आणि दळण आणायला जायचे. पुढं बोलणं सुरू झालं, पण ते वाक्य गेलं नाही. दर सणाला, कुणाचीही मुलगी माहेरी आली की, माझी परीक्षा असली की, मला ताप आला की, "ह्यांनीच लांब धाडलं." अप्पांनी एकदाही नाही म्हटलं नाही. "गेली तर गेली. शिकून राहिली ना," एवढंच.

मी शिकले. शिकून तिथंच शिकवायला लागले. मैत्रिणींना मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगायची. वडील मापाडी, एकाला लाभ म्हणायचे. कागदावर वर जवळचं विद्यापीठ, म्हणजे लाभ. फोनची लाइन खराब. ते म्हणाले 'लाभ', मला ऐकू आलं 'लांब', आणि एवढ्याशा फरकानं मी पुण्याला आले! सगळ्या खो-खो हसायच्या. मीही हसायची.

खोटं आहे ते. लाइन अगदी स्वच्छ होती. मागचा मापाडी अकरावर होता हेसुद्धा मला ऐकू येत होतं. आणि तो शब्द तर मी त्या आवाजात जन्मल्यापासून ऐकलेला. पोत्यांवर झोपेत ऐकलेला. अप्पा 'लाभ' म्हणाले होते. मला 'लाभ'च ऐकू आलं होतं. केबिनच्या दारापासून मामापर्यंत चार पावलं होती, तेवढ्यात मी तो शब्द बदलला. कारण मला लांबचं हवं होतं. पहिल्या दिवसापासून हवं होतं आणि ते तोंडानं म्हणायची माझी छाती झाली नव्हती. मग मी ते अप्पांच्या तोंडी घातलं आणि मायची बोलणी त्यांना खाऊ दिली.

दर सुट्टीत ठरवायची, या वेळी सांगायचं. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. म्हणजे मीच आणायची.

तोवर मोंढ्यात नवे काटे आले होते. पोतं ठेवलं की लाल आकडे आपोआप दिसायचे आणि ते शून्यापासून सुरू व्हायचे. अप्पांनी काम सोडलं. पायली घरी आली आणि वर्षातून एकदाच, घरची ज्वारी भरताना, कोनाड्यातून खाली उतरायची.

मग एका उन्हाळ्यात मी सुट्टीला गेले होते. दुपारची वेळ. अंगणात लिंबाच्या सावलीत ज्वारीची रास, अप्पा राशीपाशी उकिडवे, मी पोत्याचं तोंड धरून, आणि माय पलीकडे सुपात ज्वारी पाखडत. पाखडण्याचा आवाज एका लयीत येत होता. कोंडा उडून उन्हात तरंगत होता, आणि मला वाटलं, मी अजून थप्पीवरच झोपले आहे, मधलं काहीच झालेलं नाही.

माय बोलत होती. शेजारच्या मुलीला नांदेडला नोकरी लागली होती. "दर शनिवारी येती. येताना मायला भाजी आणती. हिलाबी तिथंच घातलं असतं तर? पर ह्यांना लांबची हौस."

अप्पांनी पायली राशीत खुपसली.

"लांब," ते म्हणाले. "लांब, लांब, लांब."

माझ्या हातातून पोत्याची कड सुटली.

"काय म्हणून राहिले तुमी?" माय ओरडली. "लाभ म्हणा, लाभ! जीभ वळंना का आता?"

"लांब, लांब," अप्पा म्हणाले. हातानं पायलीची कड सारखी केली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मापताना ते कधी कुणाकडे असं बघायचे नाहीत. त्यांचे डोळे हसत होते. तो माणूस पहिल्या दिवसापासून सगळं जाणून होता. माझा कान कुठल्या मोंढ्यात तयार झाला होता, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

मी पोत्याची कड पुन्हा धरली. 

"माय," मी म्हणाले, "अप्पा लाभच म्हणाले होते. त्या दिवशी, फोनवर. जवळचंच सांगितलं होतं त्यांनी. मला बराबर ऐकू आलं होतं. मामाला मी खोटं सांगितलं. मला जायचं होतं, माय."

सूप थांबलं. माय माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता माझी पाळी, आणि मी बोलणी खायला तयार झाले. पण ती अप्पांकडे वळली.

"अन् तुमी? इतकी वर्षं माझं बोलणं खाल्लं? सांगितलं काहून न्हाई?"

अप्पांनी पहिली पायली पोत्यात ओतली आणि दुसरी राशीत खुपसली.

"दोन," ते म्हणाले, जरा मोठ्यानं. "दोन, दोन, दोन."

तीन म्हणायच्या आत माय उठली, सूप बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन पोत्याची दुसरी कड धरली.